गाणं कुंपणापर्यंत

बाबा निवृत्त झाले तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे काहीतरी मागितलं. "घरातही ऐकू येईल आणि ओट्यावरही ऐकू येईल असं चांगलं गाण्याचं मशीन घे," म्हणाले. त्यांनी ३४ वर्षं प्रेस शॉपमध्ये काढली. मळवलीजवळच्या आमच्या गावातून सकाळची लोकल पकडायची, दिवसभर पत्र्यावर पडणारे ठोके ऐकायचे आणि रात्री जेवताना जमली तर विविध भारती. गाणी ऐकायची म्हणून निवांत बसणं त्यांना कधी जमलंच नाही. मला हिंजवडीत नोकरी लागून ५ वर्षं झाली आहेत. ४० हजारांचं बजेट काढणं अवघड नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, हे माझ्यावर सोडा."

मग मी आमच्या पिढीचा माणूस करतो तेच केलं. एक एक्सेल शीट उघडली. आठवडाभर रात्री जागून रिव्ह्यू पाहिले. वॅट, ओहम, सेन्सिटिव्हिटी, वूफरचा आकार असे रकाने भरले. आठवड्यानंतर लक्षात आलं की घरातला स्पीकर निवडणं आणि अंगणातला स्पीकर निवडणं हे दोन अगदी वेगळे प्रश्न आहेत.

घरातला प्रश्न सोपा होता. खोलीला भिंती असतात. स्पीकरमधून निघालेला आवाज थेट कानावर येतो, शिवाय भिंती, छत आणि फरशी यांच्यावर आपटून पुन्हा येतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात गेला असाल तर हे अंगावर आलं असेल. सुमारे ४५ मीटर लांब, १४ मीटर उंच, दगडात कोरलेलं दालन. तिथे कुणी हळू बोललं तरी ते बोलणं काही क्षण हवेत रेंगाळतं, कारण त्याला बाहेर पडायला दर्शनी बाजूखेरीज वाट नाही. आमची बाहेरची खोली १२ बाय १४ची आहे. तिच्यात कापसाच्या गाद्या, पडदे आणि धान्याच्या कणग्या आहेत, त्यामुळे आवाज फार घुमत नाही. ५ इंची वूफरचे दोन छोटे स्पीकर आणि ५० वॅटचा ॲम्प्लिफायर एवढं तिच्यासाठी पुष्कळ होतं.

अंगणात आवाजाला मदत करायला भिंती नसतात. मोकळ्यावर स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने कमी होतो. खोलीत दणदणीत वाटणारा बेस बाहेर पोकळ वाटायला लागतो. म्हणून लोक मोठे स्पीकर घेतात, जास्त वॅट घेतात, वर एक सबवूफर जोडतात. शिवाय आमच्याकडे पावसाळा म्हणजे चार महिन्यांची परीक्षा. लोणावळ्याच्या पट्ट्यात कागदी कोनाचा स्पीकर बाहेर ठेवला तर त्याच्यावर बुरशी धरते. तारांची टोकं हिरवी पडतात. त्यामुळे प्लॅस्टिकच्या कोनाचे, धूळ आणि पाण्याचा फवारा सोसणारे आयपी ६५ दर्जाचे दोन स्पीकर घेतले, ओट्याच्या भिंतीवर वळचणीखाली लावले आणि वायर पाइपमधून नेली. काम नीट झालं. दसऱ्याच्या दिवशी सकाळी प्रल्हाद शिंदेंचा आवाज अंगणात आला तेव्हा बाबा खुर्चीत मागे रेलले आणि त्यांनी डोळे मिटले. आई दारात उभी राहून माझ्याकडे बघून हसली. मी मनातल्या मनात शीट बंद केली.

दुसऱ्या शनिवारी घरी आलो तेव्हा आवाज बराच वाढलेला होता. वाटेवरच्या वळणावरच ऐकू आला. मी इंजिनिअर असल्यामुळे भांडण्याच्या आधी मोजायची सवय आहे. फोनवर डेसिबल मोजायचं ॲप टाकलं. फोनचं मोजमाप काटेकोर नसतं, पण अंदाज येतो. बाबांची खुर्ची स्पीकरपासून ४ मीटरवर होती, तिथे ७५. कुंपण ८ मीटरवर, तिथे ६९. कुंपणाच्या पलीकडे शेजारच्यांची भिंत स्पीकरपासून १६ मीटरवर. तिथला हिशेब करायला मी मान वर केली आणि मला त्यांची खिडकी दिसली. खिडकीला आतून गोधडी ठोकलेली होती.

थंडी अजून पडायची होती आणि पाऊस संपला होता. मी वहिनींना सहज विचारलं, "खिडकीला गोधडी का लावलीय?" त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ह्यांची ड्युटी रातची असते ना, भाऊजी. दिवसा झोपावं लागतं." आणि लगेच पुढे म्हणाल्या, "तुमचं चालू द्या हो. आप्पांना किती वर्षांनी सुख मिळालंय."

शेजारचे दादा तुंगार्लीकडच्या एका बंगल्यावर रखवालदार आहेत. रात्री ८ ते सकाळी ८. तो बंगला शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या लोकांना भाड्याने जातो. पोहण्याचा तलाव, हिरवळ आणि हिरवळीच्या चारही कोपऱ्यांत दगडासारखे दिसणारे स्पीकर. दादा रात्रभर त्या स्पीकरांच्या सोबतीने जागतात. ९ वाजता घरी येतात, १० वाजता झोपायला जातात आणि १० वाजता बाबा न्याहारी करून ओट्यावर बसतात.

इथे मला माझ्याबद्दलची एक गोष्ट सांगायला हवी. ३ वर्षांपूर्वी आमच्या टीमने असाच एक बंगला घेतला होता. एक मोठा प्रोजेक्ट संपला होता, आम्ही १४ जण होतो, पाऊस होता. रात्री दीडच्या सुमाराला तिथला रखवालदार छत्री घेऊन आला आणि म्हणाला, "साहेब, जरा आवाज कमी करता का, खाली वस्ती आहे." आम्ही आवाज कमी केला. तो गेल्यावर कुणीतरी पुन्हा वाढवला आणि आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा हसलो. मी मावळातला आहे हे तिथे बऱ्याच जणांना माहीत नव्हतं आणि त्या रात्री मी ते सांगितलंही नाही. खालची वस्ती म्हणजे कोण, हे त्या १४ जणांत फक्त मला ठाऊक होतं.

वहिनींशी बोलल्यावर त्या रात्री मी कायदा वाचायला बसलो. अपराधी वाटायला लागलं की नियम शोधणं हाही आमच्या पिढीचा एक गुण आहे. आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. खाजगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त भरता कामा नये. म्हणजे आमच्या कुंपणावर दिवसा ६० आणि रात्री ५०. सणासुदीला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. १८ जुलै २००५ला सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर सविस्तर निकाल दिला, त्यात नको असलेला आवाज ऐकायची सक्ती कुणावर करता येणार नाही हा मुद्दा जगण्याच्या मूलभूत हक्काशी जोडला.

नियमाप्रमाणे आम्ही ९ डेसिबलने चुकत होतो. मला बरं वाटलं, कारण चूक आकड्यात सापडली की ती दुरुस्त करता येते. आवाज ६०वर आणला की आपण सुटलो. पण गोधडी डोळ्यांसमोरून जाईना. दादांची रात्र सकाळी १०ला सुरू होते. कायद्याच्या लेखी तेव्हा भर दिवस आहे. मावळात असे किती तरी लोक आहेत. चाकण-तळेगावच्या कारखान्यांत तिसरी पाळी करणारे, एक्स्प्रेसवेवर रात्री ट्रक चालवणारे, हॉटेलांत पहाटे भांडी आवरून घरी येणारे. त्यांच्या झोपेचं घड्याळ नियमांत नाही. नियम करणाऱ्यांचा दोष नाही, नियमाला कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण त्या रेघेच्या अलीकडे असणं आणि बरोबर असणं यांत १६ मीटरचं अंतर असू शकतं.

आकड्याचीही एक गंमत आहे. नियमातले डेसिबल ज्या पद्धतीने मोजतात तिला ए-वेटिंग म्हणतात. माणसाच्या कानाला खालच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येतात म्हणून ही पद्धत ते आवाज कमी धरते. ६३ हर्ट्झच्या म्हणजे ढोलाच्या खालच्या ठोक्याच्या आसपासच्या आवाजातून ती सुमारे २६ डेसिबल वजा करते. पण भिंत आणि गोधडी नेमका तोच आवाज अडवू शकत नाहीत. वरच्या पट्टीतला आवाज, म्हणजे गायकाचे शब्द आणि झांजांची किणकिण, कापडात आणि मातीत जिरतो. खालचा आवाज आरपार जातो. त्यामुळे मीटरवर ६० दिसत असताना पलीकडच्या घरात पत्र्याचा डबा थरथरत असू शकतो.

१७९० साली इमॅन्युएल कांटने ‘क्रिटिक ऑफ जजमेंट’ या ग्रंथात संगीताबद्दल एक तक्रार केली आहे. त्याचं म्हणणं असं की संगीताला शिष्टाचार कमी, कारण ते हव्या त्या माणसापुरतं थांबत नाही, शेजारपाजारी पसरतं. चित्र नको असेल तर नजर वळवता येते. गाणं म्हणजे खिशातून काढलेला अत्तराचा रुमाल, आसपासच्या सगळ्यांना वास घ्यावाच लागतो. कांटच्या घराजवळ तुरुंग होता. तिथले कैदी मोठमोठ्याने भजनं म्हणायचे, त्याचा त्याला त्रास व्हायचा आणि त्याने शहराच्या कारभाऱ्यांकडे तशी तक्रारही केली होती. मला त्याचा मुद्दा पटतो. पण या गोष्टीत दुसरी बाजूही आहे. कांटला तक्रार करता आली, कारण तो कांट होता. समजा कैद्यांना त्याच्या घरातल्या एखाद्या आवाजाचा त्रास होत असता, तर त्यांनी पत्र कुणाला लिहिलं असतं? दादांनी कुणाला लिहावं?

मी हे सगळं बाबांना सांगितलं. कांट सोडून. ते चिडले. "३४ वर्षं मी दुसऱ्याच्या मशीनचा आवाज ऐकला. तेव्हा मला कुणी विचारलं होतं? आता माझ्या दारात मी माझं गाणं लावायचं नाही?" मग म्हणाले, "गावात सप्ताह असतो तेव्हा पहाटे ४ला काकडा लागतो. लग्नात डीजे वाजतो. तेव्हा तुझं ॲप कुठे जातं? शांतता ही तुम्हा शहरात राहणाऱ्यांची चैन आहे. गाव म्हटलं की आवाज असणारच."

त्यांचं बोलणं सहज उडवून लावण्यासारखं नव्हतं. गावाचा आवाज एकमेकांत मिसळलेला असतो हे खरं आहे. लोहगडाच्या पायथ्याला भाज्याच्या लेण्यांत एका शिल्पात एक बाई वाद्य वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे. २ हजार वर्षांहून जुनं शिल्प. या डोंगरांत ठेका काही आमच्या स्पीकरबरोबर आलेला नाही. सप्ताहाबद्दल मी विचार केला. सप्ताहाची वर्गणी दादाही देतात. तारखा आधी ठरतात, सात दिवसांनी तो संपतो आणि भोंगा कुठे बांधायचा यावर देवळात बैठक होते, तिथे दादा बोलू शकतात. ते बोलतात का, तो वेगळा प्रश्न. सप्ताहातल्या भोंग्यानेही आजारी माणसाची झोप मोडते आणि भक्तीचा म्हणून तो आवाज कमी टोचतो असं नाही. पण निदान तो ठरवण्यात ज्यांच्या कानावर पडणार त्यांचा थोडा तरी वाटा असतो. आमच्या ओट्यावरच्या स्पीकरचा निर्णय मी वाकडच्या फ्लॅटमध्ये रात्री २ वाजता एकट्याने घेतला होता. माझ्या शीटमध्ये २२ रकाने होते. त्यात शेजाऱ्यांचा एकही नव्हता.

बाबांचं शेवटचं म्हणणं होतं, "त्यांना त्रास होत असेल तर ते सांगतील की." हे मलाही आधी बरोबर वाटायचं. म्हणून दादांना थेट विचारलं. ते नळावर तोंड धूत होते. "लावा की," म्हणाले, "आम्हाला कसला त्रास? आम्हाला सवय आहे." हसले. त्यांच्या मोठ्या मुलाला आयटीआयला प्रवेश घेताना बाबांनी मदत केली होती. गेल्या पावसाळ्यात त्यांचे पत्रे उडाले तेव्हा दोन रात्री ते सगळे आमच्याकडे होते. अशा घराला ते काय सांगणार? मी विचारलं आणि त्यांनी परवानगी दिली, हे कागदावर खरं आहे. पण ज्याला नाही म्हणणं महाग पडतं त्याच्या हो म्हणण्यावर विसंबून राहायचं तर विचारण्याला अर्थच राहत नाही. आमच्या धंद्यात ॲपच्या तळाशी बारीक अक्षरांत अटी असतात आणि लोक त्यांवर टिचकी मारतात. कायद्याने ती संमती. आत बसलेल्या आम्हाला माहीत असतं की ती कुणी वाचलेली नाही.

मग मी वेगळ्या बाजूने सुरुवात केली. बाबा आवाज का वाढवतात? आईने एका वाक्यात उत्तर दिलं, "त्यांना ऐकू येत नाही." तळेगावात कान तपासले. तपासणीच्या आलेखात खालच्या पट्टीतली रेघ बरीच सपाट होती आणि ४ हजार हर्ट्झच्या आसपास ती खोल खाली गेली होती. वर्षानुवर्षं कारखान्याच्या आवाजात काम केलेल्या कानांची ही ओळखीची खूण आहे. शब्दांतली स, श, त, क ही व्यंजनं वरच्या पट्टीत असतात. बाबांना गाणं ऐकू येत होतं, पण शब्द पुसट झाले होते. शब्द यावेत म्हणून ते आवाज वाढवत होते आणि त्याबरोबर ढोलकीही वाढत होती. बाबांना हवे होते शब्द, आणि दादांच्या खोलीत पोचत होता ठेका. एका माणसाची झोप कारखान्याच्या आवाजामुळे मोडत होती, ज्या कारखान्यात त्याने कधी पाऊलही ठेवलं नव्हतं.

कानाचं यंत्र लावायला बाबा अजून तयार नाहीत. "म्हातारा दिसेन," म्हणतात. मी जोर केलेला नाही. पण स्टीरिओची मांडणी बदलली. भिंतीवरचे दोन स्पीकर काढून त्यांतला एक खुर्चीच्या शेजारी स्टुलावर ठेवला, कानापासून १ मीटरवर, तोंड घराकडे. दोन्ही बाजूंचा आवाज त्या एकातच एकत्र केला. माणसं उठबस करतात अशा मोकळ्या जागेत डावं-उजवं तसंही फारसं कळत नाही. बेस उतरवला, वरची पट्टी थोडी चढवली. हिशेब साधा आहे. १ मीटरवर ७५ डेसिबल असेल तर ८ मीटरवर ५७ आणि १६ मीटरवर ५१. बाबांच्या कानाला तितकंच, शेजारच्या भिंतीला १२ डेसिबल कमी. म्हणजे स्पीकरमधून बाहेर पडणारी ध्वनिशक्ती १६ पटींनी कमी. अंगणभर आवाज भरायचा हट्ट सोडला की फार थोडी वीज लागते. १०० वॅट, २०० वॅट अशा जाहिराती असतात, पण एका माणसाला जवळून गाणं ऐकायला १ वॅटसुद्धा पुष्कळ होतो. ॲम्प्लिफायरमध्ये कमाल आवाजाची मर्यादा घालायची सोय होती, तीही घातली. आठवड्यात बाबांनी ती काढायला लावली, मग त्यांच्याशी बोलून दोन आकडे वर लावली. सकाळी १० ते दुपारी ४ गाणं आतल्या खोलीत, दार लोटून. ओट्यावर संध्याकाळी.

हे सगळं करूनही ते पुरेसं आहे का, हे मला आमच्या ओट्यावरून कळणार नव्हतं. आम्ही कोड लिहिणारी माणसं एका वाक्यासाठी बदनाम आहोत: ‘माझ्या मशीनवर तर चालतंय.’ म्हणून एका रविवारी दुपारी, दादा बाजाराला गेलेले असताना, वहिनींना विचारलं, "मी तुमच्या आतल्या खोलीत पाच मिनिटं बसू का?" त्यांना नवल वाटलं, पण हो म्हणाल्या. आईला फोन करून नेहमीसारखं गाणं लावायला सांगितलं आणि दादांच्या अंथरुणाशेजारी जमिनीवर बसलो.

खोलीत अंधार होता. गोधडीच्या कडेने उन्हाची एक चीर आत येत होती. भिंतीला खाकी शर्ट टांगलेला होता. पहिले काही क्षण काहीच ऐकू आलं नाही आणि मला माझाच अभिमान वाटायला लागला. मग पलीकडून ठेका जाणवला. बारीक, पण होता. पंखा बंद केल्यावर अजून स्पष्ट झाला. डोळे मिटून बसलो तेव्हा माझं मन त्या ठेक्याची वाट बघायला लागलं. एक पडला की दुसरा. वहिनी दारात उभ्या होत्या. मी विचारलं, "एवढा येतो रोज?" त्या म्हणाल्या, "आता काहीच नाही. आधी ताट वाजायचं."

घरी येऊन बेस आणखी उतरवला आणि आतल्या खोलीतले स्पीकर शेजारच्या भिंतीपासून हलवून समोरच्या भिंतीला नेले. बाबा म्हणाले, गाणं आता जरा पातळ वाटतं. खरं आहे, वाटतं. तेवढी किंमत आम्ही देतो आहोत, आणि ती बाबा जास्त देत आहेत, मी कमी. याचं मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

कुणी मित्र हल्ली विचारतो, "बाहेर लावायला कुठला स्पीकर चांगला?" तर मी ब्रँड सांगतो, आयपीचा दर्जा सांगतो, वायर किती जाडीची घ्यावी ते सांगतो. शेवटी सांगतो की विकत घेण्याआधी कुंपणाच्या पलीकडच्या घरात पाच मिनिटं बसून ये, शक्यतो त्या घरातलं माणूस झोपतं त्या जागी. बहुतेक जण हसतात. पवना धरणाच्या काठी तंबू टाकून रात्रभर स्पीकर लावणारा एक मित्र हसला नाही. म्हणाला, "तिथे पलीकडे कोण राहतं ते मला माहीतच नाही."

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा खिडकीवरची गोधडी तशीच होती. वहिनींना विचारलं नाही. संध्याकाळी ७ वाजता दादा डबा घेऊन ड्युटीला निघाले, तेव्हा ओट्यावर गाणं सुरू होतं. ते फाटकाशी क्षणभर थांबले, बाबांना हात केला आणि स्टँडकडे चालू लागले. बाबांनी आपण होऊन आवाज थोडा कमी केला. मी म्हटलं, "आता कशाला? ते तर चालले." बाबा म्हणाले, "आत पोरगी अभ्यासाला बसली असेल."